स्कॅन केलेले जुने छायाचित्र : धार वाढवताना कडांची प्रभावळ कशी टाळावी

वाशीम : तसबिरीत, पत्र्याच्या पेटीत किंवा जुन्या वहीच्या पानांत जपून ठेवलेले एखादे छायाचित्र हीच अनेक घरांत आजोबा-पणजोबांची एकमेव दृश्य खूण असते. ते स्कॅन करून मोठे करावे, सर्व भावंडांना त्याची एकेक प्रत द्यावी, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. स्कॅन झाल्यावर मात्र चित्र थोडे मऊ, धूसर वाटते आणि संगणकावरील ‘शार्पन’ या आज्ञेचा आधार घेतला जातो. पहिल्या क्षणी चित्र एकदम उठून दिसल्याचा भास होतो. पण छापील प्रत हाती आली की टोपीच्या कडेला पांढरी रेघ, खांद्याभोवती काळी किनार, गालावर वाळू पसरावी तसे दाणे आणि डोळ्यांत काचेसारखी चमक दिसू लागते. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असावी तशी ही किनार माणसाच्या आकृतीला वेढून बसते.

हा दोष टाळता येतो. त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. लागतो तो क्रम आणि संयम. धार वाढवल्याने हरवलेला तपशील परत येत नाही, चित्रात शिल्लक असलेल्या तपशिलाचा उठाव तेवढा वाढतो, ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढील सर्व नियम त्यातून आपोआप निघतात.

प्रभावळ निर्माण कशी होते?

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे आकड्यांची जाळी. साध्या कृष्णधवल चित्रात ० म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. समजा, स्टुडिओतील गडद पडद्यासमोर पांढरी टोपी घातलेले गृहस्थ बसले आहेत. पडद्याचा आकडा ६० आणि टोपीचा २०० आहे. टोपीच्या कडेवरील सहा बिंदूंची ओळ अशी असेल : ६०, ६०, ६०, २००, २००, २००.

धार वाढवणारी आज्ञा प्रथम याच ओळीची एक पुसट प्रत मनात तयार करते. प्रत्येक बिंदू आणि त्याचे दोन शेजारी यांची सरासरी घेतली तर कडेवरील दोन बिंदू अनुक्रमे १०७ आणि १५३ होतात. मूळ आणि पुसट प्रतीतील फरक म्हणजे एका बाजूला उणे ४७ आणि दुसऱ्या बाजूला अधिक ४७. हा फरक मूळ चित्रात मिळवला की नवी ओळ तयार होते : ६०, ६०, १३, २४७, २००, २००. पडद्याचा शेवटचा बिंदू पडद्याहून काळा झाला आणि टोपीचा पहिला बिंदू टोपीहून पांढरा झाला. हीच ती प्रभावळ. फरक दीडपट करून मिळवला, तर एक आकडा शून्याखाली आणि दुसरा २५५ च्या वर जातो. संगणक त्यांना अनुक्रमे ० आणि २५५ वर छाटतो आणि तेथील उरलासुरला तपशीलही कायमचा जातो. प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमध्ये सरासरीचे गणित याहून थोडे गुंतागुंतीचे असते, तत्त्व मात्र हेच.

मग ही किनार डोळ्याला ‘स्पष्टता’ का वाटते? आपली दृष्टीच कडांवरील प्रकाशाचा फरक वाढवून पाहते. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन छटांच्या सीमेवर प्रत्यक्षात नसलेल्या उजळ व गडद पट्ट्या दिसतात, हे अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये मांडले. धार वाढवणारी आज्ञा दृष्टीच्या या सवयीचाच उपयोग करते. किनार इतकी बारीक असेल की ती स्वतंत्रपणे दिसत नाही, तर चित्र स्पष्ट वाटते. ती दिसू लागली की चित्र कृत्रिम वाटते. सारे कौशल्य या दोहोंमधील सीमा सांभाळण्यात आहे.

‘अनशार्प’ नावाचे कोडे

धार वाढवणाऱ्या आज्ञेचे नाव ‘अनशार्प मास्क’, म्हणजे ‘अस्पष्ट मुखवटा’, असे उलटे का, हा प्रश्न अनेकांना पडतो. हे नाव संगणकाच्या आधीचे, डार्करूमच्या काळातील आहे. मूळ निगेटिव्हवरून मुद्दाम पुसट आणि फिकी पॉझिटिव्ह प्रत तयार करीत, ती निगेटिव्हला चिकटवून दोहोंतून एकत्र प्रकाश सोडत आणि प्रिंट काढीत. त्या पुसट प्रतीमुळे मोठ्या क्षेत्रांतील काळ्या-पांढऱ्याचा फरक दबत असे आणि बारीक तपशील वर येत असे. छपाई व्यवसायात आणि खगोल छायाचित्रणात ही पद्धत वापरली जात होती. फोटोशॉप आणि विनामूल्य मिळणाऱ्या जिंप या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये तेच नाव आजही टिकून आहे.

आधी धूसरपणाचे कारण ओळखा

प्रत्येक धूसर चित्राचा आजार एकच नसतो. चार प्रकार ठळकपणे आढळतात.

पहिला प्रकार स्कॅनिंगमुळे येणाऱ्या मऊपणाचा. मूळ प्रिंट भिंगाखाली स्पष्ट दिसते, पण पडद्यावर मऊ वाटते. हा दोष धार वाढवून बऱ्यापैकी भरून निघतो.

दुसरा प्रकार फिकटपणाचा. कागद पिवळा पडतो, काळे भाग तपकिरी होतात आणि चित्र धूसर वाटते; प्रत्यक्षात कडा शाबूत असतात. येथे आधी काळ्या-पांढऱ्याचे संतुलन सुधारावे. ते सुधारल्यावर धार वाढवण्याची गरजही अनेकदा उरत नाही.

तिसरा प्रकार कॅमेऱ्याच्या भिंगाचा. भारतात एके काळी घरोघरी पोहोचलेला आग्फा क्लिक-थ्री हा साध्या भिंगाचा कॅमेरा १२० क्रमांकाच्या रिळावर ६ बाय ६ सेंटिमीटरच्या बारा चौकटी टिपत असे. अशा कॅमेऱ्याच्या चित्रात मध्यभाग बरा आणि कोपरे मऊ असतात. संपूर्ण चित्राला सारखीच धार दिली तर मध्यावर प्रभावळ येते आणि कोपरे होते तसेच राहतात.

चौथा प्रकार हललेल्या चित्राचा किंवा चुकलेल्या फोकसचा. डोळ्याची बाहुलीच मुळात टिपली गेली नसेल, तर कोणतीही आज्ञा ती परत आणू शकत नाही. हे मान्य करणे हाच येथे उपाय होय. असे चित्र लहान आकारात छापावे. लहान आकारात ते पुष्कळ चांगले दिसते.

स्कॅनिंग : निम्मे काम येथेच

चांगल्या स्कॅनला कमी धार लागते आणि कमी धारेला प्रभावळ येत नाही. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

स्कॅनरची काच मऊ, कोरड्या कापडाने पुसावी. छायाचित्रावरील धूळ मऊ ब्रशने झटकावी; पाणी, थुंकी किंवा कोणतेही द्रावण लावू नये. तसबिरीच्या काचेला चिकटून बसलेले चित्र ओढून काढू नये. ते काचेसहच स्कॅन करावे किंवा बाजूने प्रकाश देऊन कॅमेऱ्याने टिपावे. अनेक सडपातळ, स्वस्त स्कॅनर काचेला अगदी टेकलेल्या वस्तूचेच स्पष्ट चित्र घेतात. त्यांच्यावर मध्ये काच आली किंवा प्रिंट वाकलेले असले की चित्र धूसर येते. अशा वेळी जुन्या पद्धतीचा जाडजूड स्कॅनर अधिक उपयोगी ठरतो.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधील स्वयंचलित ‘शार्पन’ हा पर्याय बंद ठेवावा. तो चालू राहिला तर प्रभावळ मूळ फाइलमध्येच भाजली जाते आणि नंतर काढता येत नाही. फाइल टिफ या प्रकारात साठवावी. शक्य असल्यास प्रत्येक रंगासाठी १६ बिटचा पर्याय निवडावा. ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. फिके चित्र ताणून गडद करताना या पायऱ्या कामी येतात.

चित्र किती डीपीआयवर, म्हणजे इंचाला किती बिंदू टिपून, स्कॅन करावे हा नेहमीचा प्रश्न. ६ बाय ९ सेंटिमीटरचे प्रिंट ६०० डीपीआयवर स्कॅन केले तर सुमारे १,४१७ बाय २,१२६ बिंदू मिळतात. ३०० डीपीआयच्या उत्तम छपाईसाठी ते १२ बाय १८ सेंटिमीटर आकाराला, म्हणजे दुप्पट मोठेपणाला पुरतात. यापेक्षा फार मोठे चित्र हवे असेल आणि मूळ प्रिंट खरोखर बारीक असेल तर १,२०० डीपीआय वापरावे. निगेटिव्ह उपलब्ध असेल तर प्रिंटऐवजी तीच स्कॅन करणे केव्हाही श्रेयस्कर, कारण प्रिंट ही मुळात दुसरी प्रत असते.

कृष्णधवल चित्रही रंगीत पद्धतीने स्कॅन करावे, असा अनुभवी लोकांचा सल्ला असतो. त्यामागे कारण आहे. पिवळे-तपकिरी डाग निळ्या रंगाच्या थरात सर्वाधिक गडद दिसतात आणि लाल थरात सर्वांत कमी. केवळ लाल थर घेऊन त्याचे कृष्णधवल चित्र केले तर पुष्कळसे डाग धार वाढवण्यापूर्वीच नाहीसे होतात. स्कॅनरमधील अवरक्त किरणांनी धूळ पुसण्याची सोय मात्र चांदीच्या क्षारांवर आधारित कृष्णधवल फिल्मवर नीट चालत नाही. चांदीचे कणही तिला धुळीसारखेच भासतात.

रेशमी किंवा खडबडीत पोताच्या कागदावरील प्रिंटचा वेगळा त्रास असतो. स्कॅनरचा प्रकाश एका बाजूने पडतो आणि पोताच्या प्रत्येक उंचवट्याची चमक टिपली जाते. धार वाढवली की चेहऱ्यावर जाळी उमटते. अशा वेळी चित्र एकदा सरळ आणि एकदा उलटे, १८० अंशांत फिरवून स्कॅन करावे, दोन्ही प्रती संगणकावर एकमेकींवर तंतोतंत बसवाव्यात आणि वरच्या थराची पारदर्शकता ५० टक्के ठेवावी. पोताची चमक बरीच कमी होते.

कामाचा क्रम

धार वाढवणे ही शेवटची पायरी होय. स्कॅननंतर प्रथम चित्र सरळ करून नको त्या कडा छाटाव्यात. दुसऱ्या टप्प्यात काळ्या-पांढऱ्याचे संतुलन साधावे. तिसऱ्या टप्प्यात धूळ, ओरखडे, बुरशीचे ठिपके क्लोन किंवा हीलिंग ब्रशने काढावेत. चौथ्या टप्प्यात छपाईसाठी हवा तो अंतिम आकार द्यावा. त्यानंतरच धार वाढवावी. आधी धार वाढवून मग चित्र मोठे केले तर प्रभावळही मोठी होते. धूळ न काढता धार वाढवली तर प्रत्येक कणाभोवती स्वतंत्र कडे उमटते आणि ते पुसण्यात तास जातात.

छायाचित्र-संस्करणावरील लेखक ब्रूस फ्रेझर यांनी या कामाचे तीन टप्पे सांगितले होते : स्कॅनमुळे आलेला मऊपणा घालवण्यापुरती हलकी धार, मग डोळे किंवा दागिने अशा निवडक भागांना धार आणि शेवटी छपाईच्या माध्यमानुसार धार. एकाच फटक्यात सारे काम उरकण्याऐवजी ते हलक्या हप्त्यांत करण्याची ही पद्धत आजही उपयुक्त आहे.

तीन आकडे, तीन अर्थ

अनशार्प मास्कच्या चौकटीत तीन आकडे विचारले जातात.

‘अमाउंट’ म्हणजे कडेवरचा फरक किती वाढवायचा. फोटोशॉपमध्ये तो टक्क्यांत असतो. जिंपमध्ये दशांशात, म्हणजे ०.५ हा सुमारे निम्मा परिणाम.

‘रेडियस’ म्हणजे कडेपासून किती अंतरापर्यंत परिणाम पसरवायचा. प्रभावळीची रुंदी याच आकड्यावर ठरते. बहुतेक प्रभावळी अमाउंटमुळे नव्हे, तर रेडियस मोठा ठेवल्यामुळे खटकतात.

‘थ्रेशोल्ड’ म्हणजे किती लहान फरकांकडे दुर्लक्ष करायचे. कागदाच्या दाण्यांतील फरक तीन-चार पायऱ्यांचा असेल आणि थ्रेशोल्ड ५ ठेवला, तर दाणे जसेच्या तसे राहतात आणि खऱ्या कडाच उठतात. आकडा फार वाढवला तर मात्र कपडे धारदार आणि चेहरा मेणाचा, असे विचित्र चित्र तयार होते.

३०० डीपीआयवर छापायच्या चेहऱ्याच्या चित्रासाठी फोटोशॉपमध्ये अमाउंट ६० ते ९०, रेडियस ०.८ ते १.२ आणि थ्रेशोल्ड ४ ते ६ येथून सुरुवात करावी. मंदिर, वाडा, रेल्वे स्थानक अशा वास्तूंच्या चित्रासाठी अमाउंट १०० ते १३०, रेडियस १ ते १.५ आणि थ्रेशोल्ड २ ते ४ चालतो. हे आकडे म्हणजे आरंभबिंदू आहेत. अंतिम निर्णय डोळ्यांनी घ्यावा. जिंपमध्ये रेडियस आणि थ्रेशोल्डची मोजपट्टीही वेगळी असल्याने फोटोशॉपचे आकडे तेथे जसेच्या तसे टाकू नयेत.

तपासताना चित्र पडद्यावर १०० टक्के आकारात पाहावे. ३३ किंवा ६७ टक्के अशा आकारात पडदा स्वतःच बिंदूंची काटछाट करतो आणि प्रभावळ लपते. प्रथम अमाउंट मुद्दाम खूप वाढवून किनार स्पष्ट दिसू द्यावी, मग रेडियस कमी करीत ती केसाएवढी बारीक करावी आणि शेवटी अमाउंट खाली आणावा. योग्य आकडा हाती लागतो.

आपल्याकडील चित्रे, नेमके धोके

प्रभावळ कोठे येणार याचा अंदाज चित्राच्या विषयावरून आधीच बांधता येतो. जेथे पांढरे आणि काळे एकमेकांना थेट भिडतात, तेथे धोका सर्वाधिक. पांढरी टोपी, धोतर आणि सदरा गडद पडद्यासमोर असेल तर आकृतीची संपूर्ण बाह्यरेषा धोक्याच्या क्षेत्रात येते. नऊवारीच्या काठाची बारीक रेघ, नथीचे मोती, मंगळसूत्राचे मणी यांना थोडी धार शोभते. त्याच आकड्यांनी गालावरच्या सुरकुत्या मात्र ओरखड्यांसारख्या दिसतात.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तेथील यात्रेतील जुन्या चित्रांत बंजारा स्त्रियांच्या वेषावरील आरसे, कवड्या आणि चांदीचे दागिने दिसतात. आरशांचे ठिपके आधीच जवळजवळ २५५ वर असतात. त्यांना धार दिली की प्रत्येक आरशाभोवती काळे वर्तुळ उमटते आणि भरतकाम हरवते. अशा चित्रात आरशांचा भाग वगळून भोवतीच्या कापडालाच धार द्यावी.

वाशीमचे बालाजी मंदिर भवानी काळू यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविले. अशा मंदिराच्या चित्रात शिखर आणि आकाश यांची सीमा हे नाजूक ठिकाण. आकाश एकसारखे असल्याने तेथे उमटलेली पांढरी रेघ लपायला जागाच नसते. कोरीव कामाला धार द्यावी, शिखराची बाह्यरेषा वगळावी. कारंज्यावरून जाणाऱ्या मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद मार्गावरील ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. तिच्या चित्रात चाके, दांडे आणि डब्यांवरील अक्षरे यांना धार चालते. वाफ आणि धूर यांना स्वभावतःच कड नसते. त्यांना धार दिल्यास ढगाऐवजी दगड दिसतो.

प्रभावळ आवरण्याचे चार उपाय

पहिला उपाय थरांचा. मूळ चित्राची प्रत वेगळ्या थरावर घेऊन तिलाच धार द्यावी आणि त्या थराची पारदर्शकता कमी-जास्त करावी. मूळ थर अबाधित राहतो आणि उद्या मत बदलले तरी काम वाया जात नाही.

दुसरा उपाय उजळ आणि गडद किनार वेगळी करण्याचा. धार दिलेल्या थराच्या दोन प्रती कराव्यात. एकीला ‘डार्कन’ आणि दुसरीला ‘लाइटन’ हा मिश्रणप्रकार द्यावा. डोळ्याला काळ्या किनारीपेक्षा पांढरी किनार अधिक खटकते. म्हणून डार्कन थर ६० ते ७० टक्के आणि लाइटन थर ३० ते ४० टक्के ठेवावा. अनेक चित्रांत एवढ्यानेच दोष नाहीसा होतो.

तिसरा उपाय मुखवट्याचा. थराला काळा मास्क लावून संपूर्ण धार झाकावी आणि मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने डोळे, भुवया, ओठांची रेघ, मिशा, दागिने, साडीचा काठ एवढेच भाग उघडे करावेत. गाल, कपाळ, पडदा आणि आकाश झाकलेलेच ठेवावे. या कामाला दहा-पंधरा मिनिटे लागतात, पण स्वस्त आणि उत्तम कामातील अंतर याच मिनिटांत असते.

चौथा उपाय रंगीत चित्रांसाठी. जुन्या रंगीत प्रिंटमधील रंगद्रव्ये सारख्या वेगाने उडत नाहीत, त्यामुळे चित्र लालसर किंवा पिवळसर होते. तिन्ही रंगांना स्वतंत्रपणे धार मिळाली की कडांवर जांभळ्या-हिरव्या किनारी येतात. धार दिलेल्या थराला ‘ल्युमिनॉसिटी’ हा मिश्रणप्रकार द्यावा, म्हणजे परिणाम फक्त उजेड-अंधारावर होतो, रंगांवर होत नाही. ‘लॅब’ पद्धतीत जाऊन केवळ ‘एल’ थराला धार देणे हाही तोच मार्ग होय.

वृत्तपत्रातील कात्रणे आणि मोबाइलवरून आलेली चित्रे

वृत्तपत्रात किंवा स्मरणिकेत छापलेले चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. ते स्कॅन करून धार दिली तर चेहऱ्याऐवजी ठिपकेच धारदार होतात आणि लहरी जाळी उमटते. स्कॅन करताना ‘डीस्क्रीन’ हा पर्याय चालू करावा किंवा ६०० डीपीआयवर स्कॅन करून चित्र किंचित पुसट करावे, निम्म्याहून लहान करावे आणि मगच हलकी धार द्यावी.

मोबाइल संदेशांतून फिरत आलेली चित्रे जेपेग पद्धतीने दाबलेली असतात. ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडून काम करते. धार वाढवली की हे चौकोन फरशीसारखे दिसू लागतात. अशा चित्रावर कष्ट घेण्यापेक्षा मूळ प्रिंट ज्यांच्या घरी आहे त्यांच्याकडून ते नव्याने स्कॅन करून घेणे शहाणपणाचे. लिखित मजकुराबाबत हीच दक्षता घ्यावी. हस्तलिखिताचे पान असो वा घरची जुनी पावती, अतिरिक्त धारेमुळे शाईच्या रेघा तुटतात, मागच्या बाजूची शाई पुढे उमटते आणि अनुस्वार व डाग यांतील भेद नाहीसा होतो.

अल्बम, वृत्तपत्र आणि फलक

एकाच चित्राला सर्वत्र सारखी धार चालत नाही. हातात धरून पाहायच्या चित्रात ३०० डीपीआयवर एक बिंदू सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा असतो. एक-दोन बिंदूंची किनार निरोगी डोळ्यालाही वेगळी दिसत नाही. वृत्तपत्रातील पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत कागद शाई शोषून घेतो आणि ठिपके पसरतात, म्हणून तेथे थोडी अधिक धार लागते. फ्लेक्सवरील श्रद्धांजली फलक साधारण ७२ ते १०० डीपीआयवर छापला जातो. ७२ डीपीआयवर एक बिंदू ०.३५ मिलिमीटरचा होतो. पाच बिंदूंची प्रभावळ जवळजवळ दोन मिलिमीटर रुंद दिसते. रस्त्यापलीकडून ती जाणवत नाही, पण तोच फलक घरात आणून भिंतीला लावला की आकृती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी भासते. म्हणून अल्बमची, वृत्तपत्राची आणि फलकाची फाइल वेगवेगळी करावी आणि फलकाची फाइल तसबिरीसाठी कधीही वापरू नये. मोठी प्रत काढण्यापूर्वी चेहऱ्याचा तेवढा तुकडा पूर्ण आकारात छापून पाहावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा मोह

अलीकडच्या काही वर्षांत जुना चेहरा एका स्पर्शात ‘एचडी’ करून देणारी अॅप सर्वत्र उपलब्ध झाली आहेत. त्यांच्या निकालात प्रभावळ नसते, हे खरे. मात्र ती करतात ते धार वाढवणे नव्हे. असंख्य चेहऱ्यांवर शिकवलेले हे तंत्र धूसर जागी शक्य कोटीतील डोळे, दात आणि केस नव्याने रेखाटते. मिटलेल्या ओठांत दात दिसू लागतात, देवीचे व्रण पुसले जातात, एका डोळ्याचा तिरळेपणा सरळ होतो. ज्या नातवाने आजीला पाहिलेलेच नाही, त्याच्यासाठी पुढे हाच चेहरा आजीचा ठरतो.

हरवलेला तपशील गणिताने परत मिळवण्याचे प्रामाणिक मार्गही आहेत. विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लिऑन लुसी यांनी १९७४ मध्ये मांडलेली पद्धत हबल दुर्बिणीच्या चित्रांसाठी वापरली गेली. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबलच्या आरशात दोष निघाला आणि १९९३ अखेरच्या दुरुस्तीपर्यंत तिची चित्रे अशा गणिताने सुधारावी लागली. तेथे हे साधले, कारण आरसा चित्र नेमके कसे पुसट करतो हे मोजता येत होते. घरच्या चित्रात भिंग किती चुकले, हात किती हलला, हे ठाऊक नसते. फोटोशॉपमध्ये २००५ पासून असलेले ‘स्मार्ट शार्पन’ पुसटपणाचा प्रकार विचारून काही अंशी हीच दिशा घेते आणि साध्या अनशार्प मास्कपेक्षा कमी प्रभावळ देते. चमत्कार मात्र तेही करीत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली प्रत ठेवायचीच असेल, तर तिच्या नावातच तसा उल्लेख करावा आणि मूळ स्कॅनशेजारी ठेवावी.

मागची बाजूही स्कॅन करा

छायाचित्राच्या मागे स्टुडिओचा शिक्का, तारीख, हाताने लिहिलेली नावे असतात. ती बाजूही स्कॅन करावी. वाशीम परिसरातील चित्रांबाबत याचे विशेष महत्त्व आहे. इंग्रजी अमलात ‘बासिम’ हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून हा भाग अकोल्यात गेला. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे मागच्या शिक्क्यावर कोणता जिल्हा आणि कोणता प्रांत लिहिला आहे, यावरून चित्राचा काळ बराचसा ठरवता येतो. पुसट शिक्का वाचण्यासाठी वेगळ्या प्रतीवर हवी तितकी धार वाढवावी. तेथे प्रभावळीची चिंता नाही, वाचता येणे महत्त्वाचे.

थोडक्यात सांगायचे तर प्रत्येक चित्राच्या दोन फाइल असाव्यात. पहिली, कोणतीही धार किंवा दुरुस्ती न केलेला मूळ स्कॅन. तिला हात लावू नये आणि तिची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी ठेवावी. दुसरी, छपाईसाठी धार दिलेली फाइल. तंत्र दर काही वर्षांनी सुधारते आणि आजची छपाईची फाइल उद्या जुनी वाटेल. मूळ स्कॅन शाबूत असेल तर पुढच्या पिढीला तेच काम अधिक चांगले करता येईल. मूळ प्रिंट मात्र स्कॅन झाले म्हणून टाकून देऊ नये. ते कोरड्या जागी, उन्हापासून दूर, आम्लरहित कागदाच्या पाकिटात जपावे.